जपानमधील घटता जननदर आणि वृद्धत्व : लोकसंख्या धोरणाच्या इतिहासाचा मागोवा

जपानच्या वृद्धत्वाची चर्चा बहुधा १९९० पासून आरंभिली जाते. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार १९८९ चा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीस होणाऱ्या अपत्यांची सरासरी संख्या, १.५७ इतका खाली आला होता. यापूर्वीचा नीचांक १.५८ हा १९६६ चा होता; परंतु ते 'अग्नि-अश्व' वर्ष होते, आणि त्या वर्षी जन्मलेली मुलगी पतीस घातक ठरते या समजुतीमुळे अनेक दांपत्यांनी अपत्यप्राप्ती टाळली होती. १९८९ मध्ये असे कोणतेही कारण नसताना दर त्याहून खाली गेला, म्हणून '१.५७ चा धक्का' हा शब्दप्रयोग रूढ झाला. वस्तुतः या घसरणीचा उगम चाळीस वर्षे आधीचा आहे, आणि त्यांपैकी पहिली पंचवीस वर्षे शासनाने तिच्याकडे यश म्हणूनच पाहिले. प्रस्तुत निबंधात या विसंगतीचा विचार केला आहे.

युद्धकाळातील धोरण नेमके उलट होते. जानेवारी १९४१ मध्ये कोनोए मंत्रिमंडळाने १९६० पर्यंत लोकसंख्या दहा कोटी करण्याचे लक्ष्य ठरविले. प्रत्येक दांपत्यास सरासरी पाच अपत्ये व्हावीत आणि विवाहाचे वय तीन वर्षांनी खाली यावे, असे त्यात नमूद होते. मातृत्व हे युद्धसामग्रीचेच एक अंग मानले गेले.

पराभवानंतर साठ लाखांहून अधिक सैनिक व नागरिक मायदेशी परतले. अन्नधान्याची तीव्र टंचाई होती, आणि त्यातच १९४७ ते १९४९ या तीन वर्षांत सुमारे ऐंशी लाख बालके जन्मली. १९४८ च्या सुप्रजनन संरक्षण कायद्याने गर्भपातास मर्यादित मान्यता दिली. १९४९ च्या दुरुस्तीने त्यात आर्थिक कारणाचा समावेश केला. १९५२ मध्ये समितीच्या पूर्वसंमतीची अटही गेली. १९५५ मध्ये सुमारे १७ लाख ३० हजार जन्मांच्या तुलनेत ११ लाख ७० हजार गर्भपात नोंदविले गेले. १९४७ मध्ये ४.५४ असलेला प्रजनन दर १९५७ मध्ये २.०४ झाला. याच कायद्याखाली सुमारे १६,५०० व्यक्तींचे संमतीविना निर्बीजीकरण झाले, ही त्याची काळी बाजू होय. ती कलमे १९९६ मध्ये वगळण्यात आली व जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली.

संततिनियमनाची आंतरराष्ट्रीय परिषद १९५२ मध्ये मुंबईत भरली, तशीच १९५५ मध्ये टोकिओत भरली. त्या काळी आशियाई नियोजनकारांच्या दृष्टीने 'समस्या' या शब्दाचा अर्थ अतिरिक्त लोकसंख्या एवढाच होता.

जननदर घटल्याचे तात्कालिक फळ गोड होते. कमावती पिढी मोठी, मुले थोडी आणि वृद्ध त्याहून थोडे, अशी दुर्मीळ स्थिती लाभली. सार्वत्रिक निवृत्तिवेतन व आरोग्य विमा (१९६१) आणि सत्तरीपुढील नागरिकांना मोफत उपचार (१९७३) या योजना याच अनुकूल काळात आखल्या गेल्या. १९७० मध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण ७ टक्क्यांवर गेले आणि अवघ्या २४ वर्षांत ते १४ टक्के झाले. फ्रान्सला याच अंतरासाठी शतकाहून अधिक काळ लागला होता.

१९७४ हे वर्ष या संदर्भात विशेष बोलके आहे. त्या वर्षीच्या श्वेतपत्रिकेत स्थिर लोकसंख्येचा पुरस्कार करण्यात आला, तर जुलैमधील जपान लोकसंख्या परिषदेने 'मुले दोनपर्यंतच' असे आवाहन केले. त्याच वर्षी दर २.०५ वर, म्हणजे प्रतिस्थापन पातळीखाली उतरला, आणि तो पुन्हा वर आला नाही.

१९९० नंतरचे शासन संकोचले ते १९४१ च्या स्मृतीमुळे. 'अधिक मुले जन्माला घाला' असे सांगणे त्यास अशक्य होते. म्हणून १९९४ च्या 'एंजल योजने'ने पाळणाघरे व पालकांच्या सोयींवर भर दिला. हा संकोच सन्माननीयच होता, तथापि मूळ अडचण त्याने सुटली नाही. विवाहबाह्य जन्मांचे प्रमाण जपानमध्ये दोन टक्क्यांच्या आसपासच असल्याने विवाह लांबला की जन्म घटतो. समान रोजगारसंधीचा कायदा १९८५ मध्ये झाला खरा, पण दीर्घ कामाचे तास आणि घरकामाचा स्त्रीवरील भार तसाच राहिला.

वृद्धांची शुश्रूषा सुनांवरच सोपविता येणार नाही, हे मान्य होऊन २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषा विमा लागू झाला. १९४७ ते १९४९ मध्ये जन्मलेल्या पिढीतील हयात असलेल्या सर्वांनी २०२४ अखेर वयाची ७५ वर्षे पूर्ण केली. १९४९ मध्ये जपानमध्ये सुमारे २७ लाख बालके जन्मली होती. २०२४ मध्ये ६ लाख ८६ हजार.