डिपस्टिक ते स्कॅनर : छोट्या गाडीच्या देखभालीचा इतिहास

मोटारगाडीचा इतिहास सांगताना आपण बहुधा कारखाना, किंमत आणि पहिलं गिऱ्हाईक यांच्यापाशी थांबतो. आज आपण गाडी घरी आल्यानंतरचा इतिहास बघणार आहोत. गाडीला काय हवं आहे, हे कोणाला कळायचं आणि कशावरून कळायचं, एवढाच आपला प्रश्न आहे.

सुरुवात मुंबईतून करू. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटची ११०० ही गाडी तयार होऊ लागली. सत्तरच्या दशकात तीच ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. इंजिन १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. काळ परवाना राजचा. नवी गाडी नोंदवली की वर्षानुवर्षं थांबावं लागे. त्यामुळे हातातली गाडी टिकवणं ही हौस नव्हती, गरज होती.

आता ही निगा म्हणजे नेमकं काय, ते बघू. सकाळी बॉनेट उघडायचं, डिपस्टिक ओढून फडक्याने पुसायची, पुन्हा घालून ऑईल बघायचं. रेडिएटरमध्ये पाणी, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर. पुढच्या चाकांच्या सांध्यांना ग्रीस. आणि डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट. ठिणगीसाठी हे पॉइंट सतत उघडमीट करतात. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोनदा. म्हणजे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल, तर पॉइंट मिनिटाला ६००० वेळा उघडणार. झिजणारच ना ते! मग ते घासायचे आणि त्यांच्यातलं अंतर फीलर गेजने पुन्हा लावायचं.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की ही गाडी आपलं दुखणं सांगायची. टॅपेट ढिले झाले की टकटक ऐकू यायची. टायमिंग चेन सैल झाली की ती खडखडायची. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल जास्त जात असेल तर प्लग काजळून निघे, कमी जात असेल तर पांढरट. मिस्त्री प्लग हातात घेऊन इंजिनाची तब्येत सांगत असे. हे ज्ञान पुस्तकात कमी आणि माणसांत जास्त होतं. गॅरेजमधला पोरगा वर्षानुवर्षं पाने देत देत ते शिकायचा. आणि रोज बॉनेट उघडणाऱ्या मालकाला, टॅक्सीवाल्याला त्यातलं थोडंफार कळायचंच.

मग १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली. सुझुकीचं ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन, ताकद पुढच्या चाकांना. कार्ब्युरेटर हिच्यातही होता, म्हणून जुना मिस्त्री एकदम परका झाला नाही. पण गाडीबरोबर आलेली छोटी सर्व्हिस पुस्तिका, तिच्यातली मोफत सर्व्हिसची कुपनं आणि अधिकृत वर्कशॉप यांनी सवय बदलली. अमुक किलोमीटर किंवा अमुक महिने, ‘जे आधी होईल ते’. म्हणजे दुखणं येण्याची वाट बघायची नाही, तारीख आली की जायचं.

तिसरी पायरी धुराने आणली. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसं त्याला निकामी करतं, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आलं; २००० मध्ये ते देशभर झालं. त्याच सुमारास, १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी उत्सर्जनाचे नवे नियम लवकर लागू करायला लावले. हळूहळू कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. किती पेट्रोल सोडायचं हे सेन्सर आणि संगणक ठरवू लागले. स्क्रू ड्रायव्हर तयार होता, पण फिरवायला स्क्रूच राहिला नाही. स्कॅनर ज्याला परवडला तो मिस्त्री टिकला. बाकीचे टायर, डेंटिंग अशा कामांकडे सरकले.

यात फायदा झाला, हे मान्य करायलाच हवं. गाडी पहाटेच्या थंडीतही झटकन सुरू होते, धूर कमी झाला. पण गाडी गप्प झाली. जुनी चेन खडखडून सांगायची. मारुती ८०० मधला रबरी टायमिंग बेल्ट बहुतेक वेळा काहीच न सांगता तुटतो. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषतं आणि कमी तापमानाला उकळू लागतं. घाट उतरताना पेडल आत गेल्यावरच ते कळतं. टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर वयाने कडक होतं. यातलं काहीही कानाला ऐकू येत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरल्या. त्यांच्याबरोबर गाडी ऐकण्याची ती पद्धतही जवळजवळ संपली. तिच्या जागी पुस्तिका आली आहे, पण आपल्यातल्या अनेकांनी कान सोडला आणि पुस्तिका उघडली नाही. गाडी ‘चांगली चालतेय’ हा निकष पद्मिनीच्या काळात बऱ्यापैकी खरा होता. आज तो पुरेसा नाही. तेव्हा घरी गेल्यावर ग्लोव्ह बॉक्समधली ती पुस्तिका एकदा काढा, आणि ब्रेक ऑईल व बेल्टच्या पुढे शेवटची तारीख कोणती लिहिली आहे, ते बघा.

आज इथे थांबू.