युक्रेनच्या वीजजाळ्यावरील हल्ले व संरक्षण

युक्रेनच्या वीज पारेषण आणि वितरण यंत्रणेवर २०१५ पासून झालेले संगणकीय हल्ले, २०२२ पासूनचा क्षेपणास्त्रे व ड्रोन यांचा मारा आणि या दोन्हींना तोंड देत तेथे घडत गेलेली संरक्षणव्यवस्था. परक्या सत्तेच्या हस्तकांनी संगणकाच्या मार्गाने शिरून नागरिकांची वीज घालवल्याचे पहिले सिद्ध उदाहरण म्हणून या प्रकरणाकडे पाहिले जाते.

पहिला हल्ला २३ डिसेंबर २०१५ रोजी दुपारी झाला. पश्चिमेकडील इव्हानो-फ्रांकिव्स्क प्रांतातील कंपनीसह तीन प्रादेशिक वितरण कंपन्यांची सुमारे ३० उपकेंद्रे बंद पडली आणि जवळपास सव्वादोन लाख ग्राहकांची वीज ऐन हिवाळ्यात गेली. तयारी कित्येक महिने आधीपासून चालू होती. कर्मचाऱ्यांना ई-मेलने आलेल्या, वरकरणी साध्या दिसणाऱ्या कागदपत्रांतून ‘ब्लॅकएनर्जी’ हा घातक प्रोग्रॅम कंपन्यांच्या संगणकांत शिरला. त्याच्या आधाराने हल्लेखोरांनी पासवर्ड मिळवले आणि दुरून काम करण्यासाठी ठेवलेल्या जोडणीतून ते थेट नियंत्रण कक्षापर्यंत पोहोचले. ऑपरेटरांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागला आणि एकेका उपकेंद्राचे ब्रेकर बंद होत गेले. पाठोपाठ ‘किलडिस्क’ या दुसऱ्या घातक प्रोग्रॅमने संगणकांवरील माहिती पुसली. उपकेंद्रांशी संपर्क राखणाऱ्या उपकरणांतील मूळ प्रोग्रॅम बिघडवला गेला, आणि ग्राहकांना तक्रारही करता येऊ नये म्हणून कॉल सेंटरवर खोट्या कॉलचा भडिमार झाला.

तरीही वीज एक ते सहा तासांत परत आली. संगणक मेले होते, पण तंत्रज्ञ गाड्या काढून उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी ब्रेकर हाताने चालू केले. हाताने यंत्रणा चालवण्याची सवय तिथे मोडलेली नव्हती. जिथे सगळा कारभार पडद्यावरून चालतो आणि उपकेंद्रांवर माणूसच उरलेला नाही, तिथे हाच हल्ला कितीतरी अधिक काळ भोवला असता. या प्रकरणाचा सर्वांत मोलाचा धडा हाच आहे.

दुसऱ्या हल्ल्याने हाताने यंत्रणा चालवण्याचे नेमके हेच बळ हेरले असावे. १७ डिसेंबर २०१६ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास किव्हजवळील ‘पिव्हनिच्ना’ या ३३० किलोव्होल्टच्या पारेषण उपकेंद्रावर ‘इंडस्ट्रॉयर’ हा घातक प्रोग्रॅम सोडण्यात आला. राजधानीच्या काही भागांची वीज सुमारे तासभर गेली. वीजयंत्रणेतील उपकरणे आपापसांत ज्या संकेतप्रणालींतून बोलतात, त्याच संकेतप्रणालींतून इंडस्ट्रॉयर ब्रेकरना हुकूम देत असे; त्यासाठी माणसाने पडद्यासमोर बसण्याची गरज नव्हती. त्याच्या एका भागाचे लक्ष्य संरक्षक रिले, म्हणजे बिघाड होताच वीज तोडून यंत्रे वाचवणारी उपकरणे, होते. नंतरच्या विश्लेषणानुसार डाव असा असावा: घाईने हाताने वीज जोडली जावी, त्या वेळी रिले मात्र निकामी असावेत, आणि यंत्रसामग्री जळून जावी. तो भाग फसला.

तिसरा मोठा हल्ला केवळ वीजजाळ्यापुरता नव्हता: जून २०१७ मधील ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधील एका लोकप्रिय हिशेब-प्रणालीच्या अद्ययावत प्रतीतून पसरला आणि सरहद्दी ओलांडून गेला. मेर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली. तिच्या समूहाकडे असलेल्या न्हावा-शेवा बंदरातील टर्मिनलचे कामही अडले. युक्रेनवर रोखलेले शस्त्र असे रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यापर्यंत येऊन थडकले. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने या तिन्ही हल्ल्यांसाठी रशियन लष्करी गुप्तचर विभागाच्या ७४४५५ क्रमांकाच्या तुकडीतील सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवले. रशियाने अशा आरोपांचा सातत्याने इन्कार केला आहे.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाचे आक्रमण सुरू झाले, त्याच्या काही तास आधी युक्रेनने रशिया व बेलारूसच्या जाळ्यांपासून आपले जाळे चाचणीसाठी तोडून घेतले होते. ते पुन्हा तिकडे जोडलेच नाही; १६ मार्चला ते युरोपीय जाळ्याशी जोडले गेले. एप्रिलमध्ये ‘इंडस्ट्रॉयर-२’चा हल्ला युक्रेनच्या सायबर पथकाने परदेशी तज्ज्ञांच्या मदतीने वेळीच रोखला. १० ऑक्टोबरपासून मात्र क्षेपणास्त्रांनी वीजकेंद्रे व उपकेंद्रांवरच घाला घातला, आणि त्याच दिवसांत एका उपकेंद्रावर संगणकीय हल्लाही झाला. पुसलेला संगणक काही दिवसांत नव्याने उभा राहतो. उच्चदाबाचे महारोहित्र मागणीनुसार घडवावे लागते, त्याला महिनोन्‌महिने जातात आणि ते वाहून नेणे हेच मोठे काम असते. म्हणून रोहित्रांभोवती दगडमातीने भरलेल्या जाळ्यांच्या भिंती व काँक्रीटची कवचे उभारली गेली, परदेशांतून सुटे भाग मिळवून साठवले गेले. थेट क्षेपणास्त्राचा आघात या भिंती थोपवू शकत नाहीत. तुकडे व ड्रोन यांपासून त्या वाचवतात. थेट आघात टाळण्यासाठी हवाई संरक्षणाला पर्याय नाही. पुन्हा पुन्हा उद्ध्वस्त झालेली उपकेंद्रे मारा चालू असतानाही दुरुस्त करणाऱ्या पथकांतील अनेकांनी या कामात प्राण गमावले आहेत.

हा धोका भारतालाही लागू आहे. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७० अन्वये महत्त्वाच्या यंत्रणा ‘संरक्षित’ घोषित करता येतात आणि त्यांच्यासाठी २०१४ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र अधिसूचित झाले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगरात वीज गेली, लोकल थांबल्या. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता वर्तवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले. कारण कोणतेही असो, उर्वरित जाळे कोसळल्यास मुंबईला वेगळे काढून वीज चालू ठेवणारी ‘आयलँडिंग’ व्यवस्था त्या दिवशी शहराला वाचवू शकली नाही. अशा व्यवस्थेची आणि हाताने उपकेंद्र चालवण्याची प्रत्यक्ष तालीम ठरावीक मुदतीने होणे, ही युक्रेनच्या अनुभवावरून भारतीय वीज कंपन्यांनी घ्यायची सर्वांत तातडीची खबरदारी होय.