लाकडी बूच

बाबांची गाडी मी तीन आठवडे तशीच चालवली. सुरू केली की थोडा वेळ टक-टक, मग शांत. ऑइलचा लाल दिवा मधूनच लागायचा, विझायचा. सेन्सर बिघडला असेल, असं मी ठरवून टाकलं. ऑफिसात खोटे अलर्ट बंद करायची सवय असते ना!

गॅरेजमधल्या काकांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली. मग एकेका सिलिंडरचा स्पार्क बंद करून पाहिला. तिसऱ्याला ठोका मंदावला. तिथलं जळण थांबलं, कनेक्टिंग रॉडवरचा मार कमी झाला. "याचंच बेअरिंग गेलंय. आता चालवू नका." ऑइल काढलं, तर त्यात धातूचा चुरा चमकत होता.

हे बेअरिंग म्हणजे छर्ऱ्यांचं नव्हे. दोन अर्धवर्तुळाकार पत्रे, आणि त्यांत फिरणारा क्रँकशाफ्ट. इंजिन चालू असताना तो पत्र्याला टेकत नाही. ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो.

ही गोष्ट कळली ती एका गळतीमुळे. १८८३च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हा इंजिनिअर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. आसाचा खालचा भाग तेलात, वर भार दिलेलं बेअरिंग. तेल घालायला त्याने बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर त्यातून तेल उलट वर येऊ लागलं. त्याने बूच मारलं; ते बाहेर फेकलं गेलं. लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू बाहेर आली.

टॉवरने तिसरी खुंटी ठोकली नाही. तिथे दाबमापक लावला. भार सरासरी चौरस इंचाला १०० पौंड होता. काटा २००च्या पुढे गेला.

१८८६मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. फिरणारा आस स्वतःच तेलाला निमुळत्या फटीत ओढतो. तिथे दाब वाढतो आणि तोच भार उचलून धरतो. आजचं इंजिनही याच भरवशावर चालतं. ऑइल कमी झालं की पंप हवा ओढतो, थर तुटतो, धातूला धातू घासतो. फट वाढली की रॉड ठोके देतो.

म्हणजे टॉवरला अडचण दिसली तेव्हा त्याने ती मोजली. मला दिवा दिसला, आणि मी मनातल्या मनात बूच मारत राहिलो.

संध्याकाळी बाबांनी एवढंच विचारलं, "दिवा लागत होता का रे?"

"लागत होता," मी म्हणालो.