बिघाड शोधण्याआधी नकाशा काढा: वारणेच्या संगणकजाळ्यावरून एक धडा

यवतमाळला एका कॉलेजच्या संगणक लॅबमध्ये मी काही दिवस मदतीला होतो. एका सकाळी अर्धी लॅब बंद. ‘नेट गेलं’ असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. दोन तास आम्ही केबल काढल्या, पुन्हा लावल्या, संगणक बंद-चालू केले. शेवटी कोणता संगणक कोणत्या स्विचला जोडलाय ते कागदावर काढायला बसलो, आणि थोड्याच वेळात उलगडा झाला. बंद पडलेले सगळे संगणक एकाच छोट्या स्विचमागे होते. परीक्षेच्या गडबडीत कुणीतरी तो टेबलाखाली बसवला होता आणि रजिस्टरमधल्या आकृतीत त्याची नोंदच नव्हती. त्याचा अडॅप्टर जळाला होता.

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर यातून एक गोष्ट घ्या: काय बिघडलं हे विचारण्याआधी काय कशाला जोडलंय ते विचारा.

या कामाचं सर्वांत ओळखीचं हत्यार म्हणजे ‘पिंग’. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक मूस यांना आपलं नेटवर्क विचित्र वागताना दिसलं. त्यांनी एका रात्रीत हा छोटा प्रोग्राम लिहिला. पाण्याखालच्या वस्तू शोधणाऱ्या सोनारची कल्पना त्यामागे होती: हाक द्यायची आणि प्रतिसाद येतो का, किती वेळात येतो ते पाहायचं. जवळच्या यंत्रापासून एकेक टप्पा पुढे हाक देत गेलं, की उत्तर कुठून येईनासं झालं ते कळतं. पण यंत्र जागं आहे एवढंच पिंग सांगतं. ते कोणाच्या काय कामाला येतं, हे त्याला विचारून उपयोग नाही.

तो प्रश्न विचारलेलं एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवतीच्या सुमारे ७० गावांसाठी १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेजेस’ प्रकल्प सुरू झाला. यात केंद्राचं नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटर, राज्य शासन आणि वारणेच्या सहकारी संस्था एकत्र आल्या होत्या. गावागावांत संगणक केंद्रं उघडली आणि ती कारखान्याशी जोडली. उसाची नोंद, वजन, खताची उचल ही माहिती गावातच मिळावी, शिवाय शेतीसल्ला, बाजारभाव, इंटरनेटही यावं, अशी अपेक्षा होती.

पुढे काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे संशोधक तिथे गेले. ‘प्रकल्प यशस्वी की अयशस्वी’ असा निकाल देऊन ते थांबले नाहीत. संस्थेचं रोजचं काम कसं चालतं ते त्यांनी आधी पाहिलं. म्हणजे एका अर्थाने माहितीच्या वाटांचा नकाशाच काढला. त्यात दिसलं ते असं: केंद्रांतले संगणक प्रामुख्याने गाव आणि कारखाना यांच्यात ठरावीक, छोट्या नोंदी नेण्या-आणण्याचं काम करत होते. मोठ्या अपेक्षा बाजूलाच राहिल्या होत्या. उरलेल्या कामासाठी प्रत्येक गावात संगणक सांभाळणं महागात पडत होतं.

मग त्यांनी जाळं तसंच ठेवून एक घटक बदलला. संगणकाच्या जागी मोबाइल आणि एसएमएस आणला. सात गावांत आठ महिने चाचणी झाली. संगणकावर होणारी सगळी कामं एसएमएसवर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही ते जास्त सोयीचं वाटलं.

इथे थोडं थांबा. केवळ पिंग करून पाहिलं असतं, तर उत्तर देणारा प्रत्येक संगणक ‘ठीक’ ठरला असता. बिघाड यंत्रात नव्हता; कामाच्या मानाने यंत्रच जड होतं. आणि ‘गावाला तंत्रज्ञान झेपत नाही’ असा निष्कर्ष कुणी काढला असता, तर तो आमच्या ‘नेट गेलं’सारखाच झाला असता. फरक एवढाच, की त्याचा दोष फुकट शेतकऱ्याच्या माथी बसला असता.

तुम्हाला हे करून पाहायचं असेल तर लांब जाऊ नका. तालुक्यापासून ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेला केंद्राने २०११ मध्ये मंजुरी दिली; तीच पुढे ‘भारतनेट’ झाली. वणी, पुसद, झरी जामणी, कुठल्याही तालुक्यातली एक ग्रामपंचायत निवडा. परवानगी घ्या आणि तीन नकाशे काढा. पहिला, कागदोपत्री काय जोडलंय. दुसरा, केबलच्या मागे जाऊन प्रत्यक्ष काय दिसतं: वीज कुठून येते, खोलीची किल्ली कोणाकडे असते. तिसरा, दाखल्यासाठी आलेल्या माणसाचं काम कोणत्या वाटेने होतं.

तिन्ही एकमेकांशेजारी ठेवा. ते जिथे जुळत नाहीत, तिथे खूण करा. तुमचा संशोधनप्रश्न बहुधा तिथेच सापडेल.