जद्दा, जिद्दा की जुद्दा?

पाचवीच्या वर्गात एकदा आम्ही फळ्यावर तीन अक्षरे लिहिली: जीम, दाल, हे. जबर, जेर, पेश काहीच दिले नाही. मुलांना म्हटले, वाचा. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "जद्दा!" हजला जाणाऱ्यांची विमाने तिथे उतरतात, हे त्यांना घरातूनच ठाऊक होते. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, जद्दा म्हणजे काय?" आम्ही लगेच सांगून टाकले, "दादी. आपल्या सगळ्यांच्या दादी, हव्वा अलैहिस्सलाम, तिथे दफन आहेत म्हणून."

आमच्या दादींनी आम्हाला हेच सांगितले होते. त्या आगबोटीने हजला गेलेल्या. पण उत्तर देऊन झाल्यावर मनात खुट्ट झाले. आपण हे कधी तपासून पाहिले आहे का? संध्याकाळी घरी जाऊन लुगत उघडली आणि तिथून या नावाच्या मागे लागलो.

आमचे उत्तर अगदीच निराधार नव्हते. अरबीत 'जद्द' म्हणजे आजोबा आणि 'जद्दा' म्हणजे आजी. आपल्या उर्दूतही 'जद्दी जायदाद' आहे, 'जद्दे अमजद' आहे. शिवाय इमाम तबरींच्या इतिहासात अशी रिवायत येते की, जन्नतमधून उतरल्यावर हजरत आदम हिंदच्या भूमीवर आले आणि हव्वा जिद्द्याला. दोघांची भेट अरफातवर झाली. एकीकडे शब्द, दुसरीकडे रिवायत. दोन्ही एकत्र आल्यावर लोकांनी गाठ बांधली.

अडचण पुढे येते. याकूत हमवी हे तेराव्या शतकातले मोठे भूगोलकार. त्यांच्या 'मुअजमुल बुल्दान'मध्ये हे नाव पेश देऊन आले आहे: जुद्दा. जुने अरबी भाषापंडित या शब्दाचा अर्थ रेघ, पट्टा, वाट, पाण्याचा काठ असा देतात. जनावराच्या पाठीवरून जाणाऱ्या वेगळ्या रंगाच्या रेघेलाही जुद्दाच म्हणतात. कुरआन शरीफात सूरह फातिरच्या २७ व्या आयतीत डोंगरांतल्या पांढऱ्या आणि तांबड्या पट्ट्यांसाठी 'जुदद' हा शब्द आला आहे. तो याच जुद्दाचे अनेकवचन. उर्दू शायरीतला 'जादा', म्हणजे रस्ता, तोही याच धातूतला. समुद्र आणि जमीन यांच्यामध्ये ओढलेली रेघ म्हणजे जुद्दा. बंदराला याहून साजेसे नाव कोणते?

तिसरे मत वंशावळी लिहिणाऱ्यांचे. कुजाआ कबील्यात जुद्दा नावाचा एक पुरुष होऊन गेला, त्याच्यावरून गाव, असे पुष्कळदा सांगितले जाते. पण याकूत उलटेच सांगतात. तो तिथे जन्मला म्हणून त्याला गावाचे नाव मिळाले. म्हणजे गाव आधीचे, माणूस नंतरचा.

आम्हाला सर्वांत पटलेला पुरावा मात्र किताबातला नाही. त्या शहरात आजही एक कब्रस्तान आहे, त्याचे नाव 'मकबरा उम्मुना हव्वा'. उम्म म्हणजे आई. खुद्द तिथले अरब हव्वांना आई म्हणत आले, आजी नाही. गावाचे नाव आजीवरून पडले असते, तर कबरीवर आई कशी आली असती?

त्या कबरीची हकिकतही ऐकण्यासारखी आहे. स्पेनचा प्रवासी इब्ने जुबैर ११८३ साली तिथे आला. त्याने एक जुना उंच घुमट पाहिला. मक्केला जाताना हव्वा जिथे उतरल्या ती ही जागा, असे लोक म्हणतात, एवढेच तो लिहितो. १८५३ मध्ये रिचर्ड बर्टन हा इंग्रज आला तेव्हा तिथे लांबच लांब कबर होती. त्याने ती पावलांनी मोजली: डोक्यापासून कमरेपर्यंत १२० आणि कमरेपासून टाचेपर्यंत ८०. १९२५ मध्ये सौदी अंमल आला आणि १९२८ मध्ये कबरीवरचे बांधकाम पाडले गेले. १९७५ मध्ये जागेवर काँक्रीट ओतले गेले, कारण हाजी तिथे जाऊन दुआ मागत. कुरआन शरीफात हव्वा हे नावही नाही, फक्त आदमच्या जोडीदाराचा उल्लेख आहे. नाव हदीसमध्ये येते. कबरीचा पत्ता मात्र कुरआनात नाही. हे सगळे मान्य करूनही, दोनशे पावलांवर काँक्रीट पडल्याचे वाचताना आम्हाला दादींची आठवण झाली. त्या तिथे रडून आल्या होत्या, असे सांगायच्या.

असो. शहराला खरे महत्त्व आले ते २६ हिजरीत, म्हणजे ६४७ साली. हजरत उस्मान यांनी शुऐबाऐवजी या जागेला मक्केचे बंदर केले. तेव्हापासून हिंदचे जहाज इथेच लागले. सुरतेला तर 'बाबे मक्का'च म्हणत. ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या कागदांत या बंदराचे नाव 'जुद्दा' असेच दिसते. म्हणजे सुरतेच्या धक्क्यावर तरी तेव्हा पेश ऐकू येत असावा. पुढे मुंबईहून आगबोटी सुटू लागल्या, त्या १९९५ पर्यंत. आज त्या शहरातले लोक बोलताना 'जिद्दा' म्हणतात, मराठी वर्तमानपत्रे 'जेद्दा' छापतात आणि आपली माणसे 'जद्दा' म्हणतात.

दादी सांगायच्या, शेवटच्या दिवशी पहाटे सगळे हाजी डेकवर येऊन उभे होते. आधी नुसती एक पिवळट रेघ दिसली. मग कुणीतरी ओरडले, "जद्दा आया!"

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला आम्ही सांगितले की, काल आमचे चुकले. फळ्यावर जीमला पेश दिला, दालवर तश्दीद दिली आणि वर्गाकडून 'जुद्दा' लिहून घेतले. तिने विचारले, "मग आमच्या घरचे चूक बोलतात का?" आम्ही नाही म्हटले. आम्हीही घरी जद्दाच म्हणतो.