लोहयुगाची साक्ष की मठातली रचना?

आयर्लंडच्या वीरकथांत ख्रिस्तपूर्व केल्टांचे जग जसेच्या तसे जपले गेले आहे, हे मत अजूनही सर्रास ऐकू येते. त्याला विद्वत्तेचे बळ दिले केनेथ जॅक्सन यांनी. १९६४ सालच्या केंब्रिजमधील व्याख्यानात त्यांनी या कथांना लोहयुगाची खिडकी म्हटले. रथातून लढणारे, शत्रूची मुंडकी मिरवणारे, मेजवानीत मानाच्या वाट्यावरून हातघाईवर येणारे हे वीर ग्रीक-रोमन लेखकांनी वर्णिलेल्या गॉल लोकांसारखेच आहेत, असा त्यांचा युक्तिवाद. साम्य आहेच. पण साम्यावरून काळ ठरत नाही.

तलवारीचेच पाहा. ‘टॉइन’ या महाकथेत फर्गस तलवारीने टेकड्यांचे माथे उडवतो. अतिशयोक्ती सोडून देऊ. पण वीरांच्या हाती लांब, घाव घालायच्या तलवारी आहेत, आणि आयर्लंडमध्ये सापडलेल्या लोहयुगीन तलवारी आखूड आहेत. जे. पी. मॅलरी या पुरातत्त्वज्ञाने ही विसंगती दाखवून दिली. कथांत चांदीही झळकते. लोहयुगीन आयर्लंडमध्ये ती जवळपास नाहीच.

याच कथांतल्या कॉन्होवर राजाचा मृत्यू तर अधिकच बोलका. शत्रूच्या मेंदूत चुना कालवून केलेला टणक गोळा त्याच्या डोक्यात रुतलेला असतो. येशूला क्रूसावर चढवल्याचे कळताच राजा खवळतो, गोळा उसळून बाहेर पडतो आणि तो मरतो. ख्रिस्ती कथेशी हा मेळ केल्टांच्या पुरोहितांनी, ड्रुइडांनी घातला असे कोण म्हणेल? ‘लेबोर गबाला’ या आयर्लंडच्या पौराणिक इतिहासात तर बेटावर पहिली उतरते ती नोहाची नात!

हस्तलिखिते साधारण ११०० नंतरची असली तरी काही कथांची भाषा आठव्या शतकाइतकी जुनी आहे, हे मान्य. तरी ख्रिस्ती धर्म पाचव्या शतकातच आला होता, आणि ग्रंथ लिहिले गेले ते मठांत.

म्हणून सारेच भिक्षूंच्या डोक्यातून निघाले, असे म्हणणेही उतावळेपणाचे. कथांतल्या नुआदूचे नाव इंग्लंडमधल्या लिडनी येथे रोमन काळात पुजल्या जाणाऱ्या नोडेन्स देवाशी जुळते; त्यांतल्याच लुगचे नाते गॉल आणि स्पेनमधल्या लुगुस देवाशी लागते. नावे खरोखर प्राचीन आहेत. मात्र नावाच्या जुनेपणाने त्याभोवतीची कथा जुनी ठरत नाही. केल्टांच्या धर्माविषयी विधान करायचे तर शिलालेख आणि उत्खनन आधी, ‘टॉइन’ नंतर.