वळिवड्याचे पाहुणे

भगिनींनो, स्मारिकेसाठी चार ओळी लिहाव्यात असा अध्यक्षाबाईंचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी माहेराजवळ घडलेला इतिहास ठाऊक आहे, तो सांगते.

१९३९ च्या सप्टेंबरात पोलंड देशावर पश्चिमेकडून जर्मनीने व पूर्वेकडून रशियाने स्वारी केली. १९४० मध्ये रशियाने पूर्व पोलंडातील कुटुंबेच्या कुटुंबे सैबेरियाच्या थंडीत नेऊन टाकली. सुटका झाल्यावर त्यांतील काही इराणमार्गे हिंदुस्थानात आली. १९४३ साली कोल्हापूरजवळ वळिवडे येथे त्यांच्यासाठी छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसे तेथे राहिली. बहुतेक बायका आणि मुलेच. शाळा, दवाखाना, चर्च, सारे तेथे होते.

माझी आजी छावणीवर दुधाचा रतीब घालीत असे. ना त्यांना मराठी येई, ना हिला त्यांची भाषा. माप घातल्यावर आजी वर आणखी एक धार सोडी. लहानपणी मी विचारले, “पैसे तर घेत होतीस, मग त्यात उपकार कसला?” आजी म्हणाली, “फुकाट दिलं असतं तर बाई खाली मान घालून आली असती. पैसं दिऊन ताठ मानंनं यायची. वरची धार तेवढी माझी.”

१९४८ पर्यंत ते पाहुणे निघून गेले. मग फाळणीत घरदार सुटलेले सिंधी लोक त्याच जागी आले. तेच आजचे गांधीनगर. २०१९ साली छावणीत वाढलेली काही पोलिश मंडळी म्हातारपणी मुद्दाम कोल्हापूरला येऊन गेली.

आता माझी चूक सांगते. गेल्या वर्षी सुदानची एक विद्यार्थिनी आमच्या वाड्यात खोली विचारायला आली. तिच्या देशात एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटले, हे मी बातम्यांत ऐकले होते. पण बोलणे कळेना, म्हणून मी “नाही” म्हणून दार लोटले. साधे पाणीही विचारले नाही. रात्री आजी आठवली. दुसऱ्या दिवशी चौकशी केली, पण मुलगी काही सापडली नाही.

युद्ध थांबवणे आपल्या हाती नाही. पण येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आसपास राहणाऱ्या परदेशी मुलींना बोलवावे, एवढी माझी मंडळाला विनंती आहे. आजीच्या वरच्या धारेइतके तरी आपल्या हातून घडो.